बागेतला हायपोकॉस्ट: प्रकल्प नोंदी, २०२४

६ एप्रिल

जागा नक्की झाली. फ्रँकफुर्टच्या पश्चिमेला आम्ही जो बागेचा तुकडा भाड्याने घेतलाय, त्याच्या मागच्या कोपऱ्यात, अवजारांच्या खोपीपासून चांगलं लांब. तिथे अर्ध्या मापाचा रोमन हायपोकॉस्ट उभा करायचा. ठेंगण्या विटांच्या खांबांवर टेकवलेली जमीन, खाली पोकळी, एका बाजूला बाहेरून आग आणि भिंतीतल्या नळ्यांमधून वर जाणारा धूर.

कशासाठी, तेही लिहून ठेवतो. माझा धंदाच फ्लोअर हीटिंगचा. दिवसभर स्क्रीनवर प्लॅस्टिकच्या पाइपांची वेटोळी काढायची आणि कुठल्या खोलीत किती गरम पाणी सोडायचं ते ठरवायचं. या धंद्यातलं कुठलंही प्रेझेंटेशन रोमन लोकांपासून सुरू होतं, आणि आकृती तीच: खाली आग, लाल बाण आडवे, मग उभे, मग छपरातून बाहेर. बाणांच्या त्या वाटेत किती उष्णता जमिनीत उतरली आणि किती छपरावरच्या कबुतरांना मिळाली, हे कुणी विचारत नाही. मला तो हिशेब हवाय.

१३ एप्रिल

मापं विट्रुव्हियस या रोमन इंजिनिअरच्या बांधकामावरच्या ग्रंथातली, पाचव्या पुस्तकाच्या दहाव्या प्रकरणातली. तळाला दीड फुटी फरश्या, भट्टीच्या तोंडाकडे उतार देऊन. त्यावर आठ इंची विटांचे दोन फूट उंच खांब. खांबांमधलं अंतर असं, की दोन फुटी फरशीचे चारही कोपरे खांबांवर टेकावेत. मग त्या फरश्यांवर कोबा.

रोमन फूट २९.६ सेंटिमीटरचा. म्हणजे अर्ध्या मापाची दोन फुटी फरशी बाजारात सर्रास मिळणाऱ्या ३० बाय ३० च्या तांबड्या भाजक्या मातीच्या फरशीइतकीच. आठ इंची वीट उतरते दहा सेंटिमीटरवर. इथली प्रमाण वीट २४ बाय ११.५, मधोमध कापली की चौकोन तयार. जरा जाड होतो, पण चालेल. १.२ मीटरचा चौरस, सोळा फरश्या, पंचवीस खांब.

कोबा किती जाड, याबद्दल विट्रुव्हियस इथे गप्प आहे. मी बारा सेंटिमीटर धरतोय, म्हणजे पूर्ण मापाला चोवीस. पण जाडी अर्धी केली म्हणून वेळ अर्धा होत नाही. उष्णता आरपार जायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गात वाढतो. चुन्याच्या कोब्याचे नेहमीचे आकडे घालून पाहिले: बारा सेंटिमीटरला वरचा पृष्ठभाग जागा व्हायला साधारण एक तास वीस मिनिटं, चोवीसला पाच तासांच्या वर. हा आकडा इथे लिहून ठेवतोय, आग लावल्यावर ताडून बघू.

२७ एप्रिल

झालबुर्गला जाऊन आलो. बाड होमबुर्गच्या वर, टाउनुसच्या डोंगरात, रोमन सरहद्दीवरचा किल्ला. १८९७ ते १९०७ मध्ये कैसर विल्हेल्म दुसरा याच्या काळात तो पुन्हा उभारला. भिंती आणि दरवाजे बघायला लोक येतात. मी थेट किल्ल्याबाहेरच्या स्नानगृहाच्या पायांकडे गेलो. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रित्स क्रेट्शमर नावाच्या अभियंत्याने झालबुर्गलाच खरी आग लावून हायपोकॉस्ट तपासला होता. तोवर पुराणवस्तुवाले धूर कसा फिरत असेल यावर नुसते वाद घालत होते. काड्यापेटी काढली ती इंजिनिअरने, याचा मला अंमळ अभिमान आहे.

दुसरी गंमत विटांची. या सरहद्दीवरच्या बांधकामांत माइंत्सच्या २२ व्या लीजनचे (रोमन सैन्यतुकडीचे) शिक्के मारलेल्या विटा निघतात, आणि त्या भाजायच्या फ्रँकफुर्टच्या नीड भागातल्या लष्करी वीटभट्ट्यांत. नीड आमच्या बागेपासून सायकलच्या अंतरावर. माझ्या विटा मात्र बांधकाम सामानाच्या दुकानातल्या, वर बारकोड.

४ मे

उघड्या जाळाबद्दल बागवाल्यांच्या संघटनेचं पत्र आलं. उत्तर दिलं, आकृती जोडली, अग्निशामकाचा फोटो जोडला. परवानगी मिळाली: पावसाळी किंवा थंड दिवशीच, पाण्याची नळी हाताशी ठेवून.

११ मे

खांब कशात बांधायचे? विट्रुव्हियस म्हणतो, केस घालून मळलेल्या चिकणमातीत. खात्री करायला कराडला आप्पांना फोन केला. त्यांची तीस वर्षं वीटभट्टीवर गेली.

“आप्पा, भट्टीच्या आतल्या खांबांना चुना वापरू का माती?”

“आरं, जाळाच्या तोंडाला चुना कोण लावतंय व्हय? तापून पुन्हा कळी हुतोय त्यो. पाणी लागलं की फुगून फुटंल. मातीच घे. पण नुसती चिकणमाती भेगाळती, भुसा घाल तिच्यात.”

“इथं केस घालायला सांगितलेत.”

“कुणी?”

“दोन हजार वर्षांमागच्या एका रोमन इंजिनिअरनं.”

“मग कळत हुतं म्हणायचं त्याला.”

जवळच्या तबेल्यातून घोड्याच्या शेपटीचे केस मिळाले, फुकट. बोटभर लांबीचे तुकडे करून पायांनी मळले. केसांशिवाय थापलेला नमुना दोन दिवसांत चिरला. केसांचा वाकला, पण तुटला नाही.

२५ मे

तळाच्या फरश्या बसल्या. उतार शेकडा दोन, आगीच्या तोंडाकडे. विट्रुव्हियसची कसोटी अशी: आत चेंडू टाकला तर तो कुठेही न थांबता परत भट्टीच्या तोंडाशी यायला हवा. लेकीला टेनिसचा चेंडू घेऊन बसवलं. डावीकडच्या तिसऱ्या फरशीपाशी चेंडू दरवेळी रेंगाळत होता. फरशी उचलली, खालची वाळू थापीने खरवडली, पुन्हा बसवली, मग आला घरंगळत. त्यानंतरही तिचा खेळ थांबेना. शेवटी चेंडू खिशात घालून कामाला लागलो.

उताराचं कारण त्याने असं दिलंय, की ज्वाळा जमिनीखाली सहज पसरावी. गरम वायू चढणीला लागतो, हे पटतं. मला आणखी एक सोय दिसते. आत जमलेलं पाणी आणि राख तोंडाकडे येते आणि फावड्याने ओढता येते. हा माझा तर्क, ग्रंथातला नव्हे.

८ जून

मोठा दिवस. खांबांवर फरश्या टेकल्या. वरची जमीन सपाट हवी म्हणून मागच्या ओळीचे खांब पुढच्यांपेक्षा अडीच सेंटिमीटरने बुटके आहेत. लेव्हलनळी लावून प्रत्येक ओळ बघितली.

वर कोबा: चुना, वाळू आणि सुरकी. सुरकीसाठी कापलेल्या विटांचे तुकडे घणाने फोडून चाळले. आपल्याकडे जुन्या दगडी हौदांना पाणी धरण्यासाठी हीच वापरायचे, रोमन लोकही स्नानगृहांच्या जमिनींना आणि टाक्यांना हीच. विटेच्या भुकटीमुळे चुना ओल्यातही धरतो. पहिला थर जाड, खड्यांचा. दुसरा बारीक, थापीने दाबून दाबून घोटलेला. संध्याकाळपर्यंत मनगटं गेली. ओल्या पोत्यांखाली झाकून ठेवलंय. सप्टेंबरपर्यंत आग नाही.

७ जुलै

बांधकाम बंद, वाचन चालू.

हायपोकॉस्टचा शोधक म्हणून सेर्गियुस ओराटाचं नाव सगळीकडे दिसतं. मुख्य आधार आहे थोरला प्लिनी या रोमन लेखकाच्या एका परिच्छेदाचा. तो सांगतो, नेपल्सजवळच्या बायाए इथे कालवांची शेती पहिल्यांदा ओराटाने सुरू केली, वक्ता क्रासुसच्या काळात, मार्सी युद्धाच्या आधी, म्हणजे इ. स. पू. ९१ च्या अगोदर. आणि ‘टांगलेली स्नानगृहं’ही, म्हणजे बहुधा खांबांवर टेकवलेल्या जमिनीची, त्यानेच पहिल्यांदा काढली. तशी स्नानगृहं बसवून तो बंगले सजवायचा आणि विकायचा. तिथे प्लिनीने वापरलेलं क्रियापद गुलामांचे व्यापारी माल चकचकीत करून विकतात त्याला लावायचे. कौतुक नाहीच ते. टोमणा आहे.

थोडक्यात, बिल्डर. पुण्यात असता तर बाणेरला ‘इन्फिनिटी पूल’वाले टॉवर काढले असते.

शोधाचं श्रेय मात्र टिकत नाही. फ्रेगेले हे गाव रोमने इ. स. पू. १२५ मध्ये उद्ध्वस्त केलं. तिथल्या स्नानगृहात खालून तापणारी जमीन सापडली आहे, आणि गाव पडलं तेव्हा ओराटाच्या धंद्याला अजून अवकाश होता. त्याने चाललेली गोष्ट उचलली आणि श्रीमंतांच्या गळ्यात मारली. तेही कौशल्यच आहे, आमच्या सेल्सवाल्यांना विचारा.

१७ ऑगस्ट

मागची भिंत. खालच्या पोकळीतून धूर वर नेण्यासाठी पोकळ विटांच्या आठ उभ्या नळ्या, दीड मीटर उंच. या पेटीसारख्या चौकोनी नळ्यांना ट्यूबुली म्हणत. त्याआधी मागच्या बाजूला चार बोंड्या असलेल्या फरश्या भिंतीवर उभ्या ठोकायचे, म्हणजे बोंडीच्या उंचीइतकी पोकळी राहायची. पाँपेईत ती रीत बघायला मिळते. इ. स. ६५ मध्ये वारलेला रोमन तत्त्वज्ञ सेनेका एका पत्रात लिहितो की टांगत्या जमिनी आणि भिंतीत दडवलेल्या, वर-खाली सारखी ऊब देणाऱ्या नळ्या हे सगळं आपल्या आठवणीत निघालेलं आहे. तिथे त्याचा सूर तक्रारीचा आहे: हे शोध शहाणपणाचे नव्हेत. गरम खोलीत बसून लिहिलं असणार.

धूर वर खेचणारी ओढ किती मिळेल, तो हिशेब: नळीत वायू १०० अंश, बाहेर १० अंश, उंची दीड मीटर. साधारण साडेचार पास्कल दाब. फुंकरीपेक्षाही कमी. एवढ्यावर सगळा कारभार.

१४ सप्टेंबर

वाळवणीची आग. काटक्या, दिवसभर बारीक. भिंत थंड असताना धूर तोंडातूनच परत माझ्या अंगावर. अपेक्षितच होतं, म्हणून एका नळीच्या बुडाशी वर्तमानपत्र पेटवून ती आधी तापवली. खेच लागली तशी बाकीच्याही हळूहळू ओढू लागल्या. दुपारपर्यंत कोब्यातून वाफ. फरशीच्या सांध्यांशी पाण्याचे थेंब.

२८ सप्टेंबर

खरी आग. बाहेर ९ अंश. बीचचं सुकं लाकूड, सकाळी साडेसातला पेटवलं. तापमानाच्या तारा सहा ठिकाणी: पहिल्या आणि शेवटच्या ओळीचे खांब, त्यांच्यावरचा पृष्ठभाग, एक नळीत, एक बाहेर.

पृष्ठभाग हलला नऊच्या सुमारास. एप्रिलमधला आकडा एक तास वीस मिनिटांचा होता, थोडी ओल अजून आत आहे असं धरलं तर जुळलं.

दुपारी दोनला पहिल्या ओळीचा खांब २६० अंश, शेवटचा ९० च्या आसपास. वर पृष्ठभागावर तोंडाजवळ ४१, मागे २४. फरक मोठा आहे. माणसं वावरतात त्या जमिनीला आमच्या युरोपीय मानकात कमाल २९ अंश चालतात, न्हाणीघरात ३३, भिंतीकडेच्या पट्ट्याला ३५. माझ्या तोंडाजवळच्या जागी मला कुणी सही दिली नसती. उत्तर इंग्लंडमधल्या व्हिंडोलांडाच्या रोमन किल्ल्यात रोमनांच्या न्हाणीघरात घालायच्या लाकडी खडावा सापडल्या आहेत, त्या कशासाठी लागत ते अनवाणी पाय टेकवल्यावर लगेच समजलं.

तीनला आग ओढून काढली, तोंड विटांनी बंद केलं आणि घरी निघायची तयारी केली. पण पृष्ठभाग थांबेना. मागची बाजू सहापर्यंत चढतच राहिली. आग विझून तीन तास झाले आणि जमीन अजून तापतेय.

२९ सप्टेंबर

रात्री हिशेब मांडला. कोबा आणि फरश्या मिळून साधारण ३५० किलो, सरासरी ३० अंशांनी तापल्या: २.६ युनिट वीज होईल इतकी उष्णता. आता खांब. पंचवीस खांबांचं वजन १८० किलोच्या आसपास, जमिनीच्या जेमतेम निम्मं. पण ते सरासरी शंभर अंशांनी तापलेत. त्यांच्यात चार युनिटांच्या वर.

खांब म्हणजे जमिनीला दिलेले पाय, असंच सगळ्या आकृत्या दाखवतात. माझ्याही डोक्यात तेच होतं. इथे तर अर्ध्याहून जास्त ऊब पायांतच साठलीय आणि आग गेल्यावर तिथून ती सावकाश वर सरकतेय. पूर्ण मापाचाही अंदाज काढला: दर चौरस मीटरला खांबांच्या विटा १२० किलोच्या आसपास, जमीन चारशेच्या वर. तरी खांबांचं तापमान धरलं की दोघांचा वाटा बरोबरीला येतो.

आणि उरलेलं? लाकूड जळलं १४ किलो, म्हणजे ५६ युनिट. खांब आणि जमीन मिळून सात. आठातला एक वाटा. थोडं तळात आणि भिंतीत मुरलं असेल, पण कबुतरांची चंगळ झाली हे नक्की.

१२ ऑक्टोबर

नळ्यांचा प्रयोग. आठही तोंडं उघडी ठेवली की आग भसाभसा ओढते, लाकूड लवकर संपतं आणि मागची ओळ थंडच राहते. हवा जास्त, वायू गार. मग वर विटा ठेवून दोनच नळ्या उघड्या ठेवल्या. आग मंदावली, ज्वाळा आडवी पसरली, आणि त्याच लाकडावर मागचा खांब वीसेक अंशांनी वर. बंद सहा नळ्यांत वायू फिरत नव्हता, तरी भिंत कोमट होतीच. म्हणजे भिंतभर नळ्या असल्या तरी सगळ्यांनी धूर ओढायलाच हवा असं काही नाही. गरम भिंतीवर वाफेचं पाणी धरत नाही, एवढाही उपयोग वाफाळ न्हाणीघरात पुष्कळ. आकृतीतल्या आठ बाणांपैकी सहा मी खोडले.

धाकट्या प्लिनीने (थोरल्याच्या भाच्याने) रोमजवळच्या लॉरेंटुमच्या आपल्या बंगल्याबद्दल लिहिताना एका शयनगृहाला लागून असलेल्या चिमुकल्या हायपोकॉस्टचा उल्लेख केलाय: अरुंद झरोक्यातून ऊब गरजेप्रमाणे सोडायची किंवा कोंडायची. म्हणजे चावी होती त्यांच्याकडे. आगीला न लावता उबेला लावलेली.

१९ ऑक्टोबर

जमीन आणि भिंतीच्या सांध्याशी ठेवलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. केसाएवढी भेग. ओल्या मातीने लिंपली, वर सुरकीचा गिलावा, शांत. उघड्यावर आहे म्हणून ठीक, बंद खोलीत मी हे करणार नाही, वाचणाऱ्यानेही करू नये.

यावरून ज्युलियन आठवला, नंतर रोमन सम्राट झालेला. लुटेशियात, म्हणजे आजच्या पॅरिसात, कडाक्याचा हिवाळा होता. तिथली बहुतेक घरं खालच्या भट्टीने तापवत, पण या गड्याने अंगाला सवय व्हावी म्हणून आपली खोली तापवू दिली नाही. थंडी असह्य झाल्यावर धगधगते निखारे थोडेसे आत आणवले, झोपला आणि गुदमरला. उचलून बाहेर नेलं, वैद्यांनी उलटी करवली, वाचला. त्याने दोष दिला भिंतीतून सुटलेल्या ओलीला. मी निखाऱ्यांना देईन. धूर जमिनीखालून जाऊ दिला असता तर हा प्रसंगच आला नसता.

२ नोव्हेंबर

आठातला एक वाटा डोक्यातून जात नव्हता. इतकी उधळपट्टी परवडायची कशी? पोर्तुगालमधल्या अल्जुस्त्रेल इथे १८७६ मध्ये रोमन खाणवस्तीच्या नियमांचा ब्राँझचा पत्रा सापडला. त्यात स्नानगृहाच्या ठेक्याच्या अटी आहेत. ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने रोज पाणी आणि खोल्या तापवायच्या. पहाटेपासून सातव्या तासापर्यंत बायका, आठव्यापासून रात्रीच्या दुसऱ्या तासापर्यंत पुरुष. बायकांना एक आस (रोमन नाणं), पुरुषांना अर्धा. जळणाला निरुपयोगी फांद्या सोडल्या तर लाकूड विकायचं नाही, विकलं तर दंड.

‘रोज’ हा मुद्दा. एका दिवसाच्या आगीत बहुतेक लाकूड थंडगार वस्तुमान जागं करण्यात जातं. म्हणून आज सलग आग ठेवून बघायची: संध्याकाळी चांगली भरली, तोंड जवळपास बंद केलं, रात्रभर निखारे, पहाटे मूठभर लाकूड. बायको म्हणाली, “तू तिथेच झोप, सकाळी चहा आणून देते.” आणला, थर्मासमध्ये.

३ नोव्हेंबर

पहाटे बाहेर ३ अंश, जमीन मध्यावर २७. दिवसभर ताशी अर्ध्या किलोच्या आसपास लाकडात २७ ते ३० राहिली. २८ सप्टेंबरला ताशी जवळपास दोन किलो जाळत होतो. पुढची-मागची तफावतही कमी झाली, १७ अंशांवरून ६ वर. मंद आग, दोन नळ्या, तापलेले खांब.

थर्मोस्टॅटवाल्या माझ्या गिऱ्हाइकांना अर्ध्या तासात ऊब हवी असते. इथे आज टाकलेल्या लाकडाचं उत्तर दुपारनंतर मिळतं, पूर्ण मापाच्या जमिनीत तर त्याहून किती तरी उशिरा. भट्टीवरच्या गुलामाला संध्याकाळच्या पुरुषांसाठी सकाळी बायका आत असतानाच लाकूड सारायला लागत असणार. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, “भट्टी म्हणजे उद्याचं काम आज.” मग विचारलं, “विटा भाजल्या का त्यात एखाद-दुसऱ्या?” नाही म्हटल्यावर जरा निराश झाले.

१६ नोव्हेंबर

आत टॉर्च मारून पाहिलं. पहिल्या ओळीतल्या मधल्या खांबाची वरून दुसरी वीट तडकलीय, माती मात्र धरून आहे आणि भाजून तांबडी झालीय. दोन उघड्या नळ्यांत काजळी बोटाच्या पेराएवढी, बंद सहा जवळपास स्वच्छ. शेवटच्या ओळीची तार जळाली, बदलायची. तळाच्या फरशीखाली तार घातलेली नाही, त्यामुळे जमिनीत मुरणारा वाटा अजून अंदाजानेच धरतोय. ती मागच्या बाजूने भोक पाडून घालता येईल. डिसेंबरात गोठणबिंदूखालचे दोन-तीन दिवस सलग मिळाले की पुन्हा पेटवायचं, या वेळी एकच नळी उघडी ठेवून.